शेंगमाशीला मार्चअखेर कळत नाही

वाराणसी आणि मिर्झापूर परिसरातील तूर आपल्याकडील तुरीहून वेगळी. बहार किंवा मालवीय-१३ यांसारखे दीर्घ मुदतीचे वाण येथे जुलैमध्ये पेरले जातात, सारी थंडी अंगावर काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये काढणीस येतात. विदर्भ-मराठवाड्यात तुरीचे खळे होऊन गेलेले असते, तेव्हा इकडे शेंगा भरत असतात आणि नेमक्या त्याच काळात शेंगमाशी जोर धरते. मादी कोवळ्या शेंगेच्या सालीत अंडी घालते, अळी आत दाण्यावर जगते आणि कोषात जाण्यापूर्वी माशीला बाहेर पडता यावे म्हणून सालीला बारीक खिडकी पाडून ठेवते. ती खिडकी दिसेपर्यंत शेंग बाहेरून धडधाकट भासते. म्हणून या किडीचा अभ्यास बांधावरून होत नाही. दर आठवड्याला शेतात जावे, ठरल्या झाडांवरील शेंगा तोडाव्यात आणि एकेक शेंग सोलून दाणे मोजावेत, याला पर्याय नाही.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून आलेला एक पदव्युत्तर विद्यार्थी माझ्या मार्गदर्शनाखाली हेच काम करीत होता. तीन गावांतील शेते निवडलेली होती. एप्रिलअखेर त्याने मला तक्ता दाखवला, तेव्हा दहाव्या आणि अकराव्या हवामान-सप्ताहाच्या ओळी रिकाम्या होत्या. मार्चचा पहिला पंधरवडा, म्हणजे हंगामाचा ऐन भर. मी चिडलो. “अरे, याच दोन आठवड्यांसाठी तर आपण वर्षभर थांबलो होतो! घरी गेला होतास का?” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रयोगशाळेत एकटाच आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, गावांपर्यंत जायला भाड्याचे पैसे नव्हते. शिष्यवृत्ती नोव्हेंबरपासून आलेली नाही. मेसचं देणं दिलं, मग हातात काही उरलं नाही.”

त्या दोन ओळी आता कोणालाही भरता येणार नाहीत. शिष्यवृत्ती पुढे एकरकमी जमा झाली, पण मार्चमधल्या शेंगा परत आल्या नाहीत. प्रबंधात त्या तक्त्याखाली आम्ही तळटीप दिली, ‘अपरिहार्य कारणास्तव निरीक्षणे घेता आली नाहीत’, आणि मार्गदर्शक म्हणून मी खाली सही केली. ती तळटीप मला अजून बोचते. हा लेख तिच्यामुळेच लिहीत आहे.

काशीतील जुनी सोय

शिकण्यासाठी काशीला येण्याची मराठी माणसाची परंपरा काही शतकांची आहे. तो येथे आला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न पोटाचा असे. धर्मानंद कोसंबी संस्कृतच्या ओढीने गोव्याहून निघून १९०० च्या सुमारास काशीला पोहोचले, तेव्हा अन्नछत्रातील जेवणावर त्यांनी अध्ययनाचे दिवस काढले. १९१६ साली विनोबा भावे परीक्षेची वाट सोडून काशीस आले. दुपारचे जेवण अन्नछत्रात होई. तेथे दोन पैसे दक्षिणा मिळे आणि त्या दोन पैशांत रात्रीसाठी दही आणि रताळी येत, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली होती. पुढे १९३१ साली तेथे कृषी संशोधनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

अन्नछत्रांचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. त्या पंक्तीत सर्व जातींना स्थान नव्हते, हे विसरून चालणार नाही. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसवण्याचे काम आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढून केले, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्रात रुजवली. तरीही त्या जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट आज घेण्यासारखी आहे. अन्नछत्रातील पान रोज दुपारी वाढले जाई. निधी वर्ग झालेला नाही, लेखापरीक्षण चालू आहे किंवा संकेतस्थळ बंद आहे, या कारणांसाठी विद्यार्थ्याला चार महिने थांबावे लागत नसे. मदत किती आहे याइतकेच ती कधी पोहोचते हेही महत्त्वाचे असते, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते.

खेड्यातले शिक्षण स्वस्त?

कृषी विद्यापीठे आणि कृषी संशोधन केंद्रे बहुधा गावाबाहेर असतात आणि ते योग्यच आहे. राहुरी आणि दापोली ही आपल्या परिचयाची उदाहरणे. वाराणसीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा मुख्य परिसर शहराला लागून आहे. मात्र त्याच विद्यापीठाचा दक्षिण परिसर मिर्झापूर जिल्ह्यात बरकछा येथे, विंध्याच्या पठारावर सुमारे २,७०० एकरांत पसरलेला आहे. वाराणसीपासून तो सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर पडतो. भारतीय भाजीपाला संशोधन संस्थाही शहराच्या गजबजाटापासून दूर, शहंशाहपूरच्या शेतशिवारात आहे. कोरडवाहू शेतीचा आणि किडींचा अभ्यास शेतातच व्हायला हवा, याबद्दल दुमत नाही.

पण अशा परिसरात राहणे स्वस्त असते, हा समज तपासून पाहायला हवा. खोलीचे भाडे कमी असते, हे खरे. बाकीचा हिशेब मात्र उलटा चालतो. शहरातील विद्यार्थी संध्याकाळी दोन शिकवण्या घेऊन महिन्याचा खर्च काढू शकतो. ग्रामीण परिसरात शिकवणी कोणाला द्यायची? शहरात चार खाणावळींत तुलना करता येते, येथे एकच मेस आणि फाटकासमोरची एकच टपरी. झेरॉक्स, छपाई, औषध, दंतवैद्य, मोबाइलची दुरुस्ती अशा प्रत्येक कामाला गावात जावे लागते आणि प्रत्येक फेरीला वाहनाचे भाडे पडते. सकाळी सहाला शेतात पोहोचायचे असेल तर त्या वेळी बस नसते, रिक्षा ‘रिझर्व्ह’ करावी लागते. विद्यार्थिनींच्या बाबतीत त्यात सुरक्षिततेचा खर्च मिळवावा लागतो. एकटीने दूरच्या शेतात जाणे टाळायचे तर सोबतिणीचे भाडेही तिलाच द्यावे लागते. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना महानगरी किंवा कामायनीने घरी जायचे म्हटले तरी एक-दीड दिवसाचा प्रवास असतो. घरातील आजारपण किंवा लग्नकार्य अचानक आले, तर आरक्षण मिळत नाही आणि मिळाले तर तत्काळचे.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काही खर्च अन्य शाखांतील मित्रांना दिसतही नाहीत. कीटकजाळी, मारणबाटली, इथिल अ‍ॅसिटेट, कीटक टोचण्याच्या बारीक टाचण्या, पेट्या, अल्कोहोल यांचा पुरवठा प्रयोगशाळेने करावा असे अपेक्षित असते. पण मागणीपत्र मंजूर होईपर्यंत हंगाम संपतो, म्हणून मुले ते स्वतः विकत घेतात. घाटेअळीची पैदास करायची असेल तर अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येकीला वेगळी कुपी लागते. त्यांच्या कृत्रिम खाद्यासाठी हरभऱ्याचे पीठ, यीस्ट आणि अगार लागते. ते ताजे ठेवावे लागते, म्हणून दिवाळीलाही घरी जाता येत नाही. एखाद्या परोपजीवी कीटकाची ओळख पटवायची झाली, तर नमुने बंगळूरुला किंवा दिल्लीला तज्ज्ञांकडे पाठवावे लागतात. शेवटी प्रबंधाच्या प्रती, बांधणी आणि शोधनिबंध. अनेक नियतकालिके सर्व लेखकांनी सभासद व्हावे अशी अट घालतात आणि पृष्ठशुल्क वेगळे आकारतात. हे पैसे कोणी भरले, असा प्रश्न तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही.

आकडे काय सांगतात?

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रवेश परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला दरमहा १२,६४० रुपयांची शिष्यवृत्ती आणि वर्षाला ६,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी असा दर काही वर्षांपूर्वी ठरला. आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिकायला जाणाऱ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीची रक्कम पदव्युत्तर स्तरावर दरमहा ५,००० रुपये. वर्षाचे ६,००० म्हणजे महिन्याला ५०० रुपये. तीन गावांच्या साप्ताहिक फेऱ्या एवढ्या रकमेत बसवून दाखवाव्यात, असे आव्हान मी कोणत्याही लेखाधिकाऱ्याला देईन.

पीएच.डी.च्या पातळीवर विषमता अधिक ठळक आहे. ‘नेट’ उत्तीर्ण कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती २०१० मध्ये १६,००० रुपये होती. ती २०१४ च्या अखेरीस २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली. ही वाढ आवश्यक होती आणि तिचे स्वागतच आहे. परंतु केंद्रीय विद्यापीठांत ‘नेट’विना पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची अधिछात्रवृत्ती २०१२ मध्ये ८,००० रुपये झाली आणि पहिली रक्कम ३७,००० पर्यंत पोहोचली तेव्हाही ही ८,००० वरच होती. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा देशभरातील विद्यार्थ्यांना दिल्लीत आयोगाच्या दारात बसावे लागले. त्यानंतर ती टिकली, पण वाढली नाही. दोन विद्यार्थी एकाच प्रयोगशाळेत, एकाच सूक्ष्मदर्शकावर काम करतात, आणि एकाला दुसऱ्याच्या चौपटीहून अधिक रक्कम मिळते. एका परीक्षेतील गुणांच्या फरकासाठी पाच वर्षे एवढी तफावत ठेवणे कोणत्या न्यायात बसते, हे मला उमगलेले नाही. राज्य कृषी विद्यापीठांतील कित्येकांना तर तेवढाही आधार नाही.

महाराष्ट्रात अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्यात मोठ्या शहरांसाठी वर्षाला ३०,००० आणि इतर ठिकाणांसाठी २०,००० रुपये असा दर ठरवण्यात आला. योजना उपयुक्त आहे, पण तिच्यामागचे गृहीतकही तेच आहे, की शहराबाहेर शिकणाऱ्याला कमी लागते. वर सांगितलेला हिशेब पाहता, शेतात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यापुरते तरी हे गृहीतक चुकीचे ठरते.

‘आम्हीही असेच शिकलो’

हा विषय काढला की ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “आम्ही उपाशी राहून शिकलो, म्हणून तर घडलो.” त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. मीही महाराष्ट्रातील एका ग्रामीण परिसरात खाणावळीची थकबाकी ठेवतच एम.एस्सी. केले. पण जे घडले तेच आज ही गोष्ट सांगायला उरले आहेत. जे मध्येच गळाले, ते बैठकीत बोलायला येत नाहीत. माझ्या वर्गात कीटक ओळखण्यात सर्वांत तरबेज असलेला मित्र दुसऱ्या वर्षी घरखर्चासाठी शिक्षण सोडून गेला. आज तो तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. दुकानात कोणी कीडग्रस्त पान घेऊन आले की तो क्षणात कीड ओळखतो. त्याचे चांगले चालले आहे, पण वर्गीकरणशास्त्राला एक माणूस मुकला. कीटकांच्या वर्गीकरणाचे जाणकार देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, अशी खंत आपण प्रत्येक परिसंवादात व्यक्त करतो. ते कोठे गेले, याचा शोध आपण घेतला आहे का?

दुसरा आक्षेप असा की, आजच्या मुलांच्या हाती महागडे फोन आणि बुडाखाली मोटारसायकली आहेत. काहींकडे आहेत. पण शेताचे स्थान नोंदवायला, किडीचे छायाचित्र घ्यायला आणि निरीक्षणे भरायला फोन आपणच सांगितलेला असतो. मोटारसायकलही बव्हंशी जुनी, तिघांत मिळून घेतलेली असते, कारण सकाळी सहाची बस आपण दिलेली नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक पैसा मर्यादित आहे, तो विद्यार्थ्यांच्या पोटापाण्यावर खर्च करायचा की उपकरणांवर? मला वाटते, ही फोडच चुकीची आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली, ती कर्नाटकातील शिवमोगा येथे कृषी महाविद्यालयाच्या परिसरातील मक्यावर. काही महिन्यांतच ती महाराष्ट्रात आणि पाठोपाठ देशभर पसरली. तिला प्रथम ओळखणे शक्य झाले, कारण कोणीतरी नियमितपणे मक्याच्या पोंग्यात डोकावून पाहत होते आणि नेहमीपेक्षा वेगळी अळी दिसताच थांबत होते. नव्या किडीची पहिली चाहूल शेतात फिरणाऱ्या माणसाला लागते आणि आपल्या संशोधन व्यवस्थेत शेतात सर्वाधिक फिरणारा माणूस म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी. त्याचे जेवण आणि भाडे हा कल्याणकारी खर्च आहे असे मानणे आपण थांबवले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाप्रमाणे तो संशोधनाचाच खर्च आहे.

काय करता येईल?

दर वाढवणे आपल्या हाती नाही, पण पुढील काही गोष्टी संस्थेच्या, विभागाच्या आणि मार्गदर्शकाच्या अधिकारात निश्चित आहेत.

पहिली, उचल निधी. शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण रक्कम अडकली आहे, अशा वेळी संस्थेने विद्यार्थ्याला दोन-तीन महिन्यांची उचल द्यावी आणि रक्कम आली की वळती करून घ्यावी. पैसा बुडण्याची शक्यता जवळजवळ नसते, कारण तो आधीच मंजूर झालेला असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि नवा निधी हाती पडेपर्यंत अनेकदा पाऊस सुरू होतो. इकडे तुरीवरील शेंगमाशीचा भर मार्चमध्ये आणि खरिपाची पेरणी जूनमध्ये. आपली आर्थिक दिनदर्शिका आणि किडीचा जीवनक्रम यांची गाठ नेमकी उपाशी महिन्यांत पडते. शेंगमाशीला मार्चअखेर कळत नाही, तेव्हा निधीचे नियोजनच हंगामानुसार करावे लागेल.

दुसरी, संशोधन आराखड्यात खर्चाचे पान. एम.एस्सी. किंवा पीएच.डी.चा आराखडा मंजूर करताना आपण उद्दिष्टे, पद्धती आणि सांख्यिकी रचना यांवर तासभर चर्चा करतो. त्याच वेळी एका पानावर लिहिलेले असावे, की किती फेऱ्या, किती किलोमीटर, कोणते साहित्य, अंदाजे खर्च किती आणि तो कोण भरणार. ‘विद्यार्थी’ असे उत्तर येत असेल तर गावे कमी करावीत किंवा विषय बदलावा.

तिसरी, प्रकाशनाचा खर्च विद्यार्थ्यावर नको. शोधनिबंधाची अट आपण घालतो, त्यावर मार्गदर्शक म्हणून आपले नाव असते आणि त्याचे गुण आपल्या पदोन्नतीत धरले जातात. मग शुल्क त्याने का भरावे? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे मुले वळतात, त्याचेही एक कारण हे आहे, की आपण अट घालतो आणि पुढचे त्याच्यावर सोडतो.

चौथी, साहित्याची पेढी. जाळ्या, पेट्या, फेरोमोन सापळे, हेडलॅम्प, रेनकोट, चार-सहा सायकली हे सारे विभागाच्या नोंदवहीवर उसने मिळावे. एक तुकडी गेली की दुसरीने वापरावे. याला फार पैसा लागत नाही, एक कपाट आणि एक जबाबदार माणूस लागतो.

पाचवी, मोबदल्याचे काम. महाराष्ट्रात २००९-१० पासून चालू असलेल्या क्रॉपसॅप प्रकल्पाने कीड सर्वेक्षण हे कौशल्याचे आणि म्हणूनच वेतनाचे काम आहे, हे प्रस्थापित केले. परिसरातील प्रकाशसापळ्यांची नोंद, प्रक्षेत्रावरील कीड निरीक्षण, संग्रहालयातील नमुन्यांची देखभाल अशी कामे ठरावीक तासांसाठी, ठरावीक दराने विद्यार्थ्यांना देता येतील. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’चा हाच अर्थ आहे. मात्र आज प्रकल्पांवर विद्यार्थ्यांकडून विनामोबदला काम करून घेण्याची जी रीत पडली आहे, तिला हे नाव देऊ नये. तेथे शिकणे आहे, कमावणे नाही.

सहावी गोष्ट मार्गदर्शकांनी करायची आहे आणि तिला कोणाचीही मंजुरी लागत नाही. विचारणे. दर महिन्याला एकदा, इतरांच्या देखत नव्हे तर एकटे असताना, ‘पैसे आले का? मेस चालू आहे ना?’ एवढेच. शेतकऱ्याघरची मुले मागत नाहीत. उसने मागणे त्यांना शेंग न सोलता दाणे मोजण्यापेक्षा अवघड वाटते. तो विद्यार्थी चार महिने माझ्यासमोर रोज उभा होता. मी त्याला किडींबद्दल शेकडो प्रश्न विचारले, हा एक विचारला नाही.

त्याचा प्रबंध स्वीकारला गेला, पदवी मिळाली. परीक्षकांनी त्या दोन रिकाम्या ओळींवर एक प्रश्न केला आणि तळटीप वाचून ते पुढे गेले. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्याच्यापाशी कोणी थांबत नाही. पण ते कारण अपरिहार्य नव्हते. तीन गावांच्या दोन फेऱ्यांचे भाडे एवढेच ते होते, आणि ते माझ्या पाकिटात होते. पुढील हंगामाचे आराखडे मंजुरीसाठी लवकरच आपल्या टेबलावर येतील. त्यांवर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने खर्चाचे ते एक पान मागावे, एवढीच माझी सहकाऱ्यांना विनंती आहे.